स्कॅन झाले, नोंदी अडल्या: एक ओळ कशाची धरायची, फोटोची, कागदाची की रुमालाची?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका जुन्या वाचनालयाचं दफ्तर स्कॅन करायलो. सात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडी पत्रं, उर्दूतले मुंतखब (इनामाचे सरकारी दाखले), जमाखर्चाच्या वह्या, सगळं एकत्र बांधलेलं. स्कॅनिंग उरकलं, घोडं नोंदींपाशी अडलं.

आधी एक्सेलमध्ये एका फोटोला एक ओळ दिली. चार बंदांचं (सुट्या पानांचं) पाठपोट लिहिलेलं पत्र म्हणजे आठ ओळी, आठही ठिकाणी तीच तारीख, तेच गाव. एका ओळीत दुरुस्ती केली की बाकीच्या सात तशाच. मग एका कागदाला एक ओळ केली आणि फाइलींची नावं स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात कोंबली. ते तर आणखी वंगाळ. मधला एक फोटो परत काढला, तर बदलायचा कुठं?

तारखांचा वेगळाच ताप. कागदांवर निजामी राजवटीतला फसली सन. इसवी सन काढायला मी सरसकट ५९० मिळवले, आणि आबान १३५७चं एक पत्र १९४७ मध्ये जाऊन बसलं. आबान हा फसलीचा शेवटचा महिना, म्हणजे इथं सप्टेंबर १९४८, हैदराबादवरच्या पोलीस अ‍ॅक्शनचा महिना! वाचताना लक्षात आलं म्हणून बरं. त्यात १९००च्या आधीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही.

गावांचंही तसंच. कागदात मोमिनाबाद, शोधणारा टाइप करणार अंबाजोगाई. लातूरच्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद, कारण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. उस्मानाबादचंही आता धाराशिव झालंय.

मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) जेमतेम येतं. टेबलं कशी पाडू?

प्रतिसाद १
भाऊ, फोटो म्हणजे कागद नव्हे, तिथंच गाडी घसरली. नोंदींचं एक टेबल करा. रुमाल, त्यातलं प्रकरण, त्यातला कागद, सगळे त्याच टेबलात. प्रत्येक ओळीत आपल्या वरच्या नोंदीचा क्रमांक. वाचनालयाला दफ्तर कुणी दिलं ते एकदाच, अगदी वरच्या नोंदीत लिहा. फोटोंचं टेबल वेगळं: नोंद क्रमांक, बंद क्रमांक, पाठ की पोट, फाइलचं नाव.

तारखेला तीन रकाने: कागदावर आहे तशी, कधीपासून, कधीपर्यंत. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू होतं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर ५९०, जानेवारीपासून पुढं ५९१. बहमन महिना डिसेंबर-जानेवारी दोन्हीकडं सांडतो, तिथं जपून. महिना नसेल तर अंदाज ठोकू नका, पूर्ण वर्षाचा पट्टा द्या.

गावांचं तिसरं टेबल. गावाला एक क्रमांक, त्याखाली जुनी-नवी सगळी नावं. कागदावरचं नाव मात्र नोंदीत जसंच्या तसं ठेवा.

मूळ विचारणारा
लई उपकार. आजच बसतो. मुंतखबाच्या मागं मराठी तर्जुमा (भाषांतर) टाचलेला आहे, ती एक नोंद की दोन?

प्रतिसाद २
दोन. भाषा वेगळी, लिहिणारा वेगळा, बहुतेक सालही वेगळं. दोघांच्या वर एक प्रकरण करा, म्हणजे सुटायचे नाहीत.

मूळ विचारणारा
आणि एक कबूल करायचं राहिलं. तिसऱ्या रुमालातले कागद पोरांनी स्कॅनच्या आधी तारखेप्रमाणे लावून टाकले. मूळ क्रम गेला.

प्रतिसाद १
अरेरे. तिसऱ्या रुमालाच्या नोंदीत तसं स्पष्ट लिहा, कधी झालं तेही. उरलेल्या सहा रुमालांना आता कुणाला हात लावू देऊ नका. क्रम तसाच ठेवून आधी पेन्सिलनं बंदांवर आकडे टाका.