गिनी फाउल आणि खुराडे
गिनी फाउल (कोंबडीसारखे ठिपकेदार पाळीव पक्षी) कोंबड्यांबरोबर खुराड्यात येत नाहीत, रात्री झाडावरच बसतात, असे काही पाळणाऱ्यांचे मत आहे; मोठे झाल्यावर विकत आणलेल्या पक्ष्यांपुरते ते मला मान्य आहे. आम्ही गुहागरला त्यांची अंडी गावठी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवली. तिने वाढवलेली पिल्ले आता तिच्याहून मोठी झाली, तरी तिन्हीसांजेला तिच्यामागोमाग खुराड्यात शिरतात. मात्र कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात आणि गिनी फाउलच्या अंड्यांना 26 ते 28 दिवस लागतात, म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नयेत. पहिली पिल्ले निघाली की कोंबडी उठते आणि उरलेली अंडी गार पडतात.

शक्यतो एप्रिलच्या आरंभीच अंडी बसवावीत. जूनमध्ये निघालेली आमची पाच पिल्ले ओल्या गवतात भिजून गारठली आणि चुलीजवळ ऊब देऊनही वाचली नाहीत.