कोणी ठोकलं नाही, तरी पडलो: तुमचे अनुभव लिहा

झिरोमाइल:
परवा सकाळी वर्धा रोडवर पडले. पुढच्या ऑटोवाल्यानं सवारी दिसताच हात न दाखवता ऑटो डावीकडे घातला. मी ब्रेक दाबला, स्कूटी घसरली. ऑटोला ओरखडाही नाही; तो सवारी घेऊन गेला. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "कोणी ठोकलं?" "कोणी नाही" म्हटलं की लगेच, "म्हणजे स्वतःच पडलीस होय!" एक्सरेत काही नाही, क्रेप बँडेज बांधलंय. डाव्या हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला. असे बिनटकरीचे अनुभव असतील तर लिहा.

संत्राबर्फी:
आपण तं कुत्र्यापायी पडलो. रात्री मानेवाड्याकडून घरी येऊन रायलो होतो, तीन कुत्रे मागं लागले. घाबरून रेस दिली अन् मागं वळून पाहून रायलो, समोर गिट्टी. मी पडल्यावर कुत्रे बी थांबले, पाहतच रायले, हा काहून पडला बा! कॉलरबोन गेली. बायको म्हणते, चावले असते तं सुयांत भागलं असतं.

अजनीचे काका:
सिमेंट रोड झाले, पण कडेला जुनं डांबर चार बोटं खाली राहिलं, त्याचं काय? बसला वाट द्यायला खाली उतरलो, परत तिरका चढवायला गेलो. चाक कडेला घासत गेलं आणि गाडी लोळली. ती पायरी चढायचीच तर वेग कमी करून सरळ चढवावी, हे गुडघा फुटल्यावर कळलं. आणि जूनची पहिली सर पडली की निदान अर्धा तास टपरीवर चहा घ्या. उन्हाळाभराचं ऑइल आणि धूळ त्या सरीत वर येते. धो धो पावसात एवढं घसरत नाही.

तर्रीपोहा:
लिहू की नको, असं झालं होतं. आईला घेऊन कामठी रोडनं लग्नाला चाललो होतो. ती एका बाजूला पाय सोडून बसलेली. नव्या गाडीचं साडीगार्ड मी आल्या आल्या काढून टाकलं होतं, लूक जातो म्हणून. (मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं, असा नियमच आहे. मला तेव्हा तो म्हाताऱ्यांचा वाटायचा.) पदर स्पोकमध्ये गेला. मला फक्त गाडी हलकी झाल्यासारखी वाटली. वळून पाहिलं तर आई पाठीवर पडलेली. मागून ट्रक नव्हता, एवढंच. डोक्याला टाके, खुब्याचं ऑपरेशन. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "साडी फाटली का रे?" गार्ड माळ्यावर होतं, ते बसवलं. पण ती आता गाडीवर बसत नाही.

सावजीप्रेमी:
संक्रांतीच्या आठवड्यात नायलॉन मांजा. हरित लवादानं 2017 मध्ये बंदी घातली, तरी मिळतोच. गळ्याला मफलर होता म्हणून बोटांवर निभावलं. आता हँडलला तारेची कमान लावली आहे.

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. थर्ड पार्टी इन्शुरन्स दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. मालक-चालकाचा 15 लाखांचा जो अपघात विमा असतो, तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. चार टाके नि प्लास्टर स्वतःच्याच खिशातून, मेडिक्लेम असेल तर वेगळं.

फिजिओताई:
झिरोमाइल, अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खड्डा पडतो. तिथे दाबून दुखतंय का? दुखत असेल तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढा. हात टेकून पडलं की तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकतं, आणि पहिल्या एक्सरेत बरेचदा दिसतच नाही. त्याला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही.

झिरोमाइल:
ताई, दुखत होतं. आज पुन्हा काढला, बारीक तडा आहे. सहा आठवडे प्लास्टर. ते घालणाऱ्या दादानंही विचारलंच, "कोणी ठोकलं?" म्हटलं, ऑटोनं.

खोटं नाही ना बोलले?