निवड होती, पण कोणाला?

"कृष्णवर्णीय पालकांनी स्वतःच ऑनलाइन शाळा निवडली, मग तक्रार कसली?" कोविडकाळातल्या अमेरिकेतल्या शाळांबद्दल केला जाणारा हा मुद्दा मला अजिबात पटत नाही.

२०२०-२१ मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्यांत गोऱ्या मुलांचं प्रमाण जास्त होतं, हे खरं. पण अनेकांपुढे निवड नव्हतीच. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या मुलांसाठी उघडायला एप्रिल २०२१ उजाडला. तिथली बहुसंख्य मुलं लॅटिनो.

जिथे निवड होती तिथे घरात डोकावून बघा. वयाचा फरक वगळून मोजलं तर कृष्णवर्णीयांतला कोविडचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. आई रोज बसने कामावर जाणारी, आजी त्याच दोन खोल्यांत. अशा घरातून पोराला शाळेत धाडायचा धीर होईल का? न्यूयॉर्कमधल्या आशियाई पालकांना तर वर रस्त्यावरच्या हल्ल्यांचीही धास्ती होती.

ऑगस्ट २०२० मधला कॅलिफोर्नियातल्या सलिनास शहरातला फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन लहान मुली, मांडीवर लॅपटॉप, एका फास्टफूड दुकानाबाहेर फरशीवर बसलेल्या. कशासाठी? तिथलं वायफाय मिळावं म्हणून! याला आपण 'घरून शिक्षण' म्हणत होतो.

२०२० ते २०२२ या काळात राष्ट्रीय चाचणीत नऊ वर्षांच्या गोऱ्या मुलांचे गणिताचे गुण सरासरी ५ ने घसरले, कृष्णवर्णीय मुलांचे १३ ने.