मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम आणि एक्सरे, क्रोमोसोम जास्त तुटतात हे कितपत मनावर घ्यायचं?

रातकिडा_११

नमस्कार मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय. लहान भावाला डाऊन सिंड्रोम आहे, वय ११, साधी ट्रायसोमी २१ (२१ नंबरचं क्रोमोसोम दोनऐवजी तीन). टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे सांगितलाय कारण या मुलांचे मानेतले वरचे दोन मणके कधीकधी सैल असतात आणि श्वासाची नळी घालताना मान मागे न्यावी लागते. इथपर्यंत पटलं. पण मी आगाऊपणा करून रात्री वाचत बसले.

तर १९७० च्या आसपासचे प्रयोग सापडले, डाऊन असलेल्यांचं रक्त ट्यूबमध्ये घेऊन त्यावर एक्सरे मारले, मग पेशी वाढवून क्रोमोसोम बघितले तर डायसेंट्रिक आणि रिंग (म्हणजे तुटलेली टोकं चुकीच्या ठिकाणी चिकटलेली) बाकीच्यांपेक्षा जास्त. ब्लिओमायसिन नावाच्या किमोच्या औषधानेही तसंच. वर या मुलांना ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) धोका १० ते २० पट. हे सगळं मी बाबांना सांगून बसले आणि आता ते म्हणतायत एक्सरे काढायचाच नाही.

हे खरंच एवढं गंभीर आहे का? फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक आजारासारखं काही आहे का हे? कोणाला यातलं कळत असेल तर सांगा प्लीज.

पेशीवाला

सायटोजेनेटिक्सच्या (क्रोमोसोम तपासणीच्या) लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. वाचलंत ते बरोबर आहे, फक्त डोस बघायचा राहिला. तसल्या प्रयोगात रक्ताला एक-दोन ग्रे किंवा जास्त देतात (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप, एक्सरेत एक ग्रे म्हणजे ढोबळमानाने हजार मिलिसिव्हर्ट). मानेचा एक्सरे साधारण ०.२ मिलिसिव्हर्ट. दोन ग्रे धरले तर ढोबळ हिशेबाने दहा हजार पट फरक. डायसेंट्रिक मोजता यावेत म्हणूनच एवढा मारा करतात, नाहीतर दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून काही मिळत नाही (मानेची वाट लागते ती वेगळीच).

फॅन्कोनीशी गल्लत नको. तिथे डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. डाऊनमध्ये दुरुस्तीचं जीन गायब नाहीये, उलट २१ वरची जीन्स दीडपट झालीयेत. त्यातलं एक एसओडी१, ते सुपरऑक्साइड या पेशीतल्या घातक ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, पण ते पेरॉक्साइड निस्तरणाऱ्या कॅटालेज या एन्झाइमचं जीन ११ नंबरवर, म्हणजे ते काही वाढत नाही. म्हणून पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण (अशा घातक रेणूंचा मारा) जास्त राहतो असं एक स्पष्टीकरण. दुसरं असं की या पेशी तुटलेली टोकं पटापट जोडतात आणि घाईत चुकीची टोकं जुळतात. मला हे दुसरं जास्त पटतं, पण वाद आहे. आणि हे बहुतेक सगळं रक्तातल्या लिम्फोसाइटवर (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) बघितलेलं आहे, अख्ख्या माणसावर नाही.

दोन_कप_चहा

मुलगी १६ ची, डाऊन. ल्युकेमियाची भीती आम्हीही काढली. डॉक्टरांनी सांगितलं की डाऊनच्या लहान मुलांत जो ल्युकेमियाचा खास मायलॉइड प्रकार होतो त्यात जीएटीए१ या जीनमधला बदल जन्माआधीच झालेला असतो, एक्सरेचा संबंध नाही. गंमत म्हणजे ते जीन २१ वर नाही, एक्स क्रोमोसोमवर आहे. तो प्रकार सायटाराबिन या किमोच्या औषधाला चांगली दाद देतो. ल्युकेमियाच्या दुसऱ्या, लिम्फॉइड प्रकारात मात्र मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाने तोंड येणं वगैरे त्रास या मुलांना जास्त होतो, म्हणून किमोचे डॉक्टर जपून देतात. औषधांची नाजूक बाजू खरी आहे, पण ती किमोची गोष्ट, तुमचा प्रश्न वेगळा. आणि हो, घट्ट गाठीचे कॅन्सर यांच्यात उलट कमीच दिसतात, हे बाबांना आवर्जून सांगा.

पेशीवाला

एक राहिलं. लक्षणं नसतील तर सरसकट सगळ्या मुलांचा मानेचा एक्सरे काढा असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०११ पासून सांगत नाही. म्हणून भूलवाल्यांना सरळ विचारा कशासाठी हवाय. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायात जोर नसणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही असेल तर एक मिनिट वाया घालवू नका.

रातकिडा_११

मनापासून थँक्स! चाल हल्ली जरा अडखळते असं आईचं म्हणणं होतं, आम्ही बुटांवर ढकललं होतं. आत्ताच डॉक्टरांना फोन केला, ऑपरेशनपर्यंत न थांबता उद्याच या म्हणाले, एक्सरेही उद्याच. बाबांना दहा हजार पट सांगितलं तर ते कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत, शून्यं मोजतायत.