पाळीव डुक्कर रानात सोडलं की रानडुक्कर होतं म्हणे!

कातळावरचा: ग्रुपवर मेसेज फिरतोय की पाळीव डुक्कर सुटलं की दोन-तीन महिन्यांत सुळे फुटतात, केस वाढतात आणि आपली शेती खातात ती हीच. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो सुळे फुटत नाहीत, नराचे ते आयुष्यभर वाढतातच, पाळलेल्याचे कापतात नाहीतर सहा महिन्यांत डुक्करच कापतात, मग दिसणार कधी? केसही उघड्यावर थंडी लागली की दाट होतात. पण मेंदूचं काय? पाळीव डुकराचा मेंदू रानडुकरापेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान, आणि गालापागोस बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या मोकाट फिरणाऱ्यांचाही परत वाढलेला नाही.

सुरंगी: सगळं पुस्तकी. आमच्या बाजारामागची डुकरं मालकाने सोडून दिली, पहिल्यांदा ताटाचा आवाज आला तरी धावत यायची. पुढच्या पावसापर्यंत माणूस दिसला की करवंदीच्या जाळीत गडप, दिवसा दिसायची बंद, मानेवर हे एवढे राठ केस उभे. डोळ्यांनी बघितलंय मी.

कातळावरचा: ताई, वागणं बदलतं हे कोण नाकारतंय? घाबरायला शिकायला पिढ्या लागत नाहीत. पण खरी रानडुकरं असली की सुटलेलं डुक्कर त्यांच्यातच मिसळतं. जपानात फुकुशिमाला 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर पाळलेली डुकरं सुटली, तेव्हा हेच झालं, संकर झाला आणि पाळीव रक्त पिढीगणिक पातळ होत गेलं.

गजालीवालो: डुकर खंयचोय आसांदे, माझो सुरण खाल्ल्यान ना! रात्रीत अख्खो वाफो नांगरल्यासारखो उलथून टाकल्यान. पंचनामो करूक इलेलो माका इचारता, फोटो खंय आसा? डुकराक थांब म्हणू फोटोसाठी? तुमी मेंदू मोजत बसा.

परळकर: शेतं पडीक टाकलीत, घरामागे रान माजलं, डुकरं येणारच. आमच्या लहानपणी वरकस जमिनीतही नाचणी असायची.

गजालीवालो: टाकली कोणी रे? सातबाऱ्यार नाव तुझा, गणपतीत पाच दिवस येतंस, कुंपणाचो गडगो पडलोहा तो बघूक पण जात नाय!

परळकर: पैसे पाठवले होते गडग्याला. कुठे गेले विचारू का इथेच?

सुरंगी: भावांनो, भांडण घरी करा. आणि वानरांचं कोण बोलणार? शहाळी पाडून फोडतात, डुक्कर निदान माडावर चढत नाही.

कातळावरचा: विषय डुकरांचा होता.

गजालीवालो: इषय कुंपणाचो आसा. पीकसंरक्षणाची बंदूक इलेक्शन इला की ठाण्यात जमा. डुकरांका आचारसंहिता नाय.

सुरंगी: बरं, सुळे आधीपासूनच असतात, मान्य. तुमचं तेवढं खरं धरू. पण ती बाजारातली डुकरं आता हाक मारून बोलवून दाखवा, मग मेंदूचं बोला.

परळकर: गडग्याचा हिशोब राहिला.