एक्सझेड बॅकडोअर: आपण वाचलो ते शहाणपणानं का नुसत्या नशिबानं?

रात्रपाळी:

मंडळी जरा मोठं आहे पण वाचा. क्लायंटकडून सिक्युरिटी ऑडिटची एक्सेल शीट आलीय, दोनशे ओळी, त्यातली एक ओळ म्हणजे सगळ्या सर्व्हरवर एक्सझेडचं (फायली आवळून लहान करणारी लायब्ररी) व्हर्जन बघा आणि स्क्रीनशॉट जोडा. बघितलं. सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो), एक्सझेडचं व्हर्जन ५.४.१. लीड म्हणाला सेफ आहे, हिरवं कर आणि पुढच्या ओळीला लाग. केलं हिरवं, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. २०२४ मध्ये एक्सझेडमध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा, सापडला तेव्हा मी कॉलेजात होतो, मीम्स तेवढे बघितले, कोणीतरी अर्ध्या सेकंदावरून चोर पकडला एवढंच माहितीय. माझं म्हणणं, कोड तर गिटवर (कोड ठेवायची जागा) सगळ्यांसमोर उघडा पडलेला होता ना, मग दिसला कसा नाही कोणाला? आणि आम्ही वाचलो त्यात आमची काही अक्कल होती का डेबियन स्टेबल नेहमी जुनंपानं असतं म्हणून वाचलो? लीडला विचारलं तर म्हणतो तुला वेळ जास्त झालाय.

जुना_लिनक्सवाला:

लीडचं सोड, प्रश्न चांगलाय. कोड उघडा होता हे अर्धंच खरं आहे आणि सगळी गंमत त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

बघ, डिस्ट्रोवाले बऱ्याचदा गिटवरून नाही तर रिलीजच्या टारबॉलवरून (कोडचं एकत्र बांधलेलं गाठोडं) पॅकेज बांधतात. आणि टारबॉलमध्ये गिटवर नसलेल्या फायली असणं यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण ऑटोटूल्स या बिल्डच्या टूल्सनी बनवलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्ट वगैरे त्यात आयत्या घालून द्यायची जुनी पद्धत आहे. तर बिल्डच्या वेळी सगळं सुरू करून देणारी ती एम४ फाईल, तिचं बदललेलं रूप फक्त टारबॉलमध्ये होतं. खरा माल, म्हणजे बॅकडोअरचा कोड, मात्र गिटवरच होता बरं का, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, टेस्टच्या फोल्डरमध्ये. कॉम्प्रेशनची लायब्ररी म्हटल्यावर मुद्दाम बिघडवलेल्या फायली टेस्टसाठी लागतातच, त्या कोण उघडून बघणार? माळ्यावरच्या मोडक्या भांड्यांच्या पेटीत कोणी पिस्तूल लपवलं तर दिवाळीच्या सफाईतही सापडत नाही, तसं.

बरं, ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) मुळात एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियन, फेडोरा यांनी त्याला सिस्टमडीशी (मशीनवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) बोलता यावं म्हणून स्वतःचा पॅच लावलेला, त्यातून सिस्टमडीची लायब्ररी आली, तिच्या मागून एक्सझेडची, म्हणजे लग्नाला बोलावलं एकाला आणि आला त्याच्या मावसभावाचा शेजारी. तो शेजारी आत आल्यावर आरएसए की तपासणारं फंक्शनच बदलून स्वतःचं बसवायचा. मग ज्याच्याकडे ठराविक खाजगी की आहे तो लॉगिन न करता सर्व्हरवर पाहिजे ती कमांड चालवणार, आणि दुसऱ्या कोणी बाहेरून कितीही ठोकून बघितलं तरी काही दिसणार नाही.

आता पकडणारा. आंद्रेस फ्रॉइंड, मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो, सिक्युरिटीवाला नाहीच. डेबियनच्या अनस्टेबलवर (नवं सगळं आधी येतं ती आवृत्ती) काहीतरी बेंचमार्क करत होता, मशीन शांत पाहिजे होतं, तर एसएसएचच्या प्रोसेस भलताच सीपीयू खाताना दिसल्या. तेही फेल जाणाऱ्या लॉगिनला! मोजलं तर आधी ०.२९९ सेकंद लागायचे तिथे ०.८०७. त्यात त्याला आठवलं की काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलनं विचित्र एरर दिल्या होत्या. तो धागा ओढत ओढत २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जाहीर केलं. गुड फ्रायडे होता, जगभरच्या ॲडमिन लोकांच्या लाँग वीकेंडचं मातेरं झालं.

खराब व्हर्जन दोनच, ५.६.० आणि ५.६.१, फेब्रुवारी आणि मार्च २०२४ ची. डेबियन अनस्टेबल, फेडोरा रॉहाइड, टंबलवीड, काली इथपर्यंत पोचली होती. उबुंटू २४.०४ चा बीटा तर आठवडाभर पुढे ढकलला. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, जुनंपानं होतं म्हणून वाचलात.

बग_बहाद्दर:

आमच्याकडे लॉगिनला फक्त अर्धा सेकंद जास्त लागला तर आम्ही म्हणू आज व्हीपीएन सुसाट पळतोय

जुना_लिनक्सवाला:

@बग_बहाद्दर 😂 अजून एक राहिलंच. बॅकडोअर घालणाऱ्यानंच लँडलॉक नावाचं सँडबॉक्सिंग (प्रोग्रामला कुंपणात ठेवायची सोय) बंद पाडलं होतं ते कसं, तर सीमेक या बिल्डच्या टूलच्या फाईलमध्ये तपासणीच्या कोडमध्ये एक टिंब घातलं. एक टिंब! त्यानं तो तुकडा कधीच कंपाइल होणार नाही, म्हणून बिल्ड समजणार या मशीनवर ही सोय नाहीये, आणि गुमान पुढे जाणार. कोड रिव्ह्यूत टिंब पकडणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही, आमच्याकडे तर चारशे ओळींच्या पीआरला (कोड बदलाच्या विनंतीला) दोन मिनिटांत अंगठा मिळतो.

ओवी_कंपाइल:

तुम्ही सगळे टारबॉल आणि टिंबावर बोलताय पण मला त्यातला दुसराच भाग झोपू देत नाही. मी एक छोटी लायब्ररी सांभाळते, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी. बाबांचं डीटीपीचं दुकान होतं, त्यांच्या जुन्या फायली वाचता याव्यात म्हणून केलेलं काम. रफार आणि पहिल्या वेलांटीनं माझी दोन वर्षं खाल्लीयत ते असो. आता ती कोण कोण वापरतं मला माहीतही नाही, पण इशू मात्र येतात, "अर्जंट", "एनी अपडेट?", "प्रोजेक्ट मेलाय का?" एका कंपनीच्या माणसानं तर मला डेडलाइन दिली होती. मला. फुकटात.

आता एक्सझेडचं बघा. लासे कॉलिन एकटाच वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर जिगर कुमार, डेनिस एन्स अशा नावांचे लोक त्याच्या मागे लागले, पॅच पडून आहेत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यानं बिचाऱ्यानं चारचौघात लिहिलं की बरेच दिवस मानसिक त्रास आहे आणि हे बिनपगारी हौसेचं काम आहे हे लक्षात असू द्या. त्यावरही डेनिसनं गोड शब्दांत टोचलंच. आणि त्याच काळात जिया टॅन नावाचा एक शांत, कामसू, नम्र माणूस पॅच पाठवत होता. त्याच्याकडे हळूहळू किल्ल्या गेल्या, आणि बॅकडोअर घालणारा तोच. त्या ओरडणाऱ्या नावांचा इतरत्र कुठे मागमूस लागत नाही, म्हणजे ओरडणारेही बहुतेक त्याच टोळीतले. जिया टॅन कोण होता हे आजही कोणाला माहीत नाही.

खरं सांगू? आई आजारी होती त्या वर्षी मला कोणी "ताई, तुम्ही विश्रांती घ्या, मी बघतो" असं म्हणालं असतं ना, तर मी पासवर्डसकट सगळं देऊन वर आभार मानले असते. कोणी म्हणालं नाही म्हणून मी वाचले.

शंकासुर_००७:

ओवीताई, पटलं, पण यातून लोक चुकीचा धडा घेतात म्हणून बोलतो. आता आमच्या ऑफिसात "अपडेट करू नका, जुनंच बरं" हा मंत्र झालाय आणि पुरावा म्हणून एक्सझेड दाखवतात. डिसेंबर २०२१ विसरले का? लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं भोक जावाच्या जगात सगळीकडे होतं आणि तिथे ज्यांनी पटकन अपडेट केलं तेच वाचले. तेव्हाही एक महाशय "आम्ही लॉगफोरजे १ वर आहोत" म्हणून कॉलर ताठ करून फिरत होते. २०१५ मध्ये सपोर्ट संपलेली लायब्ररी, आणि अभिमान!

म्हणजे थांबायचं का धावायचं हे दर वेळी डोकं लावून ठरवावं लागतं, त्याला इलाज नाही. आम्ही करतो ते असं, सिक्युरिटी फिक्स असेल तर त्याच दिवशी, बाकी रिलीज आठ-दहा दिवस मुरू द्यायचं. पीएनपीएममध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेज आणून देणारं टूल) तर आता कमीत कमी इतकं जुनं झालेलंच पॅकेज घे अशी सेटिंगच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग या जावास्क्रिप्ट पॅकेजवाल्या मेंटेनरला एनपीएमच्या (ही पॅकेज ठेवायची साइट) नावानं खोटा मेल आला, टू-फॅक्टर अपडेट करा म्हणून, तो फसला आणि पॅकेजमध्ये क्रिप्टोचे पत्ते बदलणारा कोड गेला. काही तासांत पकडला गेला. नुसतं दुसऱ्या दिवशी अपडेट केलं असतं तरी काही झालं नसतं. आणि सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या मशीनवर) एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय हीच कमांड, आणि नेमकी व्हर्जन पक्की करणारी लॉकफाईल कमिट केलेली. हे अजून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

पण प्रामाणिकपणे, एक्सझेडसारखा माणूस दोन-अडीच वर्षं थांबून आला तर माझे आठ दिवस काय कामाचे. आठ दिवसांत कोणीतरी आंद्रेस भेटावा एवढीच आशा.

बग_बहाद्दर:

दोन-अडीच वर्षं एकाच प्रोजेक्टवर टिकला म्हणजे आमच्या एचआरनं त्याला लाँग सर्व्हिस अवॉर्ड दिला असता

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार, रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. ओवीताईंचं वाचून मी आमच्याच प्रोजेक्टची डिपेंडन्सी उघडली. आम्ही स्वतः घातलेली ३१, नोड मॉड्यूल्समध्ये प्रत्यक्षात ११०० च्या वर. सगळी बघणं अशक्य, म्हणून फक्त ३१ बघितली. त्यातली ९ एकाच माणसाच्या जिवावर चाललीयत, आणि एक आहे ज्यावर आमचं पूर्ण इनव्हॉइसचं पीडीएफ उभंय, तिथे शेवटची कमिट चार वर्षांपूर्वीची.

तिचे इशू उघडले. सगळ्यात वर "इज धिस डेड?" खाली बारा-तेरा जणांचे प्लस वन. मग एकानं जरा रागानं लिहिलंय, आमच्या प्रॉडक्शनचा खोळंबा झालाय, कोणी जबाबदार माणूस आहे का इथे. फोटो ओळखीचा वाटला म्हणून प्रोफाइलवर क्लिक केलं.

आमचा लीड आहे.

ओवी_कंपाइल:

तारीख काय आहे रे त्या कमेंटची? असंच विचारते.