नाल्यातला दगडावर बसणारा मासा बोडीत शिरला, मत्स्यजिरे खाईल का?

बोडीवाला, साकोली तालुका
धानाच्या बांध्यांना लागून आमची अर्ध्या एकराची बोडी, म्हणजे लहान तळं आहे. पावसाळ्यात रोहू, कतला, मिरगलचे जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं टाकायचं चाललं आहे. सध्या फूटभर पाणी उरलंय. पोट्ट्यांनी जाळं ओढलं तर नाल्यातल्या दगडांवर बसून असतो तोच मासा निघाला. वीतभर लांब, मातकट पिवळा, कुशीवर काळसर डाग, डोकं चपटं. शेजारचे काका म्हणतात मुरी आहे, राहू दे. पण तोंड बघून मला ती गरीब वाटत नाही. दुकानदार औषध टाक म्हणतो. काय करू?

चुलबंदकाठ
भाऊ, मुरी नव्हे ते. मुरीले मिशा असतात अन् पाठीवर एकच पर. याले मिशा नाहीत, पाठीवर दोन पर, समोरचा काटेरी. तरी शंका असंन तर उलटा करून पोट पाय. पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली दिसंन. तेच वाटीवर तो दगडाले टेकून बसते, धारेत वाहून जात नाही. मल्या मासाबी दगडाले चिकटते, पण त्याची चकती तोंडाखाली हनुवटीले असते अन् तो शेवाळ खरवडून खाते. हा शेवाळाच्या वाटेले जात नाही. खालचा जबडा पुढे आलेला आहे ना, तो शिकाऱ्याचा. झिंगा, किडा, लहान मासोळी समोरून गेली का झडप, अन् परत जागेवर. पाण्यात उगाच हिंडत नाही, म्हणून वरून पायलं तर बोडी रिकामी वाटते.

आमच्या घरी रात्रीच्या गळाले गांडूळ लावून धरतात. मांस पांढरं, चव चांगली, पण बाजारात रोहूच्या बाजूले ठेवला तर कोणी विचारत नाही. लोकाइले डोकं मोठं अन् अंग कमी दिसते. मी तर घरीच खातो बाप्पा.

जिरे टाकशील तर फुकटचं जेवण होईल त्याले. दुकानातलं औषध मात्र टाकू नको.

प्राणिशास्त्र शिकवणारा
वर्णनावरून हा गोबी कुळातला ग्लॉसोगोबियस ग्युरिस. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना हॅमिल्टनने 1822 मध्ये याचं वर्णन केलं. जिभेचं टोक खाचेने दुभंगलेलं असतं, तेही बघा. गोबी कुळातले बरेच मासे समुद्राकाठचे; हासुद्धा खाडीत राहतो, पण त्याची पिढी गोड्या पाण्यातही पुढे चालते. म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात, समुद्रापासून इतक्या लांब, तो सापडतो. मादी दगडासारख्या कठीण जागी अंडी चिकटवते आणि नर राखण करतो. तेव्हा बोडीत दगडांचा ढीग असेल तर तो आधी हलवा.

बोडीवाला, साकोली तालुका
पोट पाहिलं. वाटीच आहे. काकांनाही दाखवली, ते आता काही बोलत नाहीत. पण एवढे मासे वेचून काढायचे कसे? जाळ्याखालून चिखलात दडतात.

मत्स्यबीजवाला, लाखांदूर
बोडी पूर्ण आटत असेल तर आटू द्या, तळाला भेगा पडू द्या. त्याहून स्वस्त उपाय नाही. आटत नसेल तर मोहाची ढेप, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी 2500 किलो धरतात. तुमची अर्धा एकर आणि फूटभर पाणी, म्हणजे साधारण 150 किलो. भिजवून सगळीकडे सारखी फेका. तिच्यातल्या सॅपोनिन नावाच्या विषाने मासे वर येतात. ते खायला चालतात. नंतर निदान तीन आठवडे जिरे टाकायचे नाहीत. तोवर विष उतरतं आणि ढेपेचं खत होतं. पहिल्या पावसाच्या आधी हे सगळं उरकायला हवं, नाहीतर बोडी भरून वाहिली की ढेपेचं पाणी नाल्यात उतरेल आणि तिथले मासेही मरतील.

एवढं करूनही पहिल्या पुरात नाल्यातून तो पुन्हा येणारच. पाणी आत येतं तिथे आणि सांडव्याला बारीक जाळी ठोका, काडीकचरा रोज काढा. मला विचाराल तर यंदा जिरे नकोच, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं घ्या. महाग पडते, पण वीतभर गोबीच्या तोंडात ती मावत नाही.

चुलबंदकाठ
ढेप तेलघाण्यावर विचारजो, अन् ताजी घेजो. अन् मासे वर आले का मले फोन करजो, दोन टोपले मीच नेतो.